नाकासाठी आणलेलं लिंबू

टक् करून राइस कुकरचा खटका वर उडाला, आणि गेल्या वीस मिनिटांत या घरात कुणी कुणाशी एक शब्दही बोललेलं नाही, हे चौघांच्याही एकदमच ध्यानात आलं.

चौघांपैकी एक टेबलाखाली होती. श्रिया, वय वर्षं सात, इयत्ता पहिली. मांडीवर दप्तर, पायांत अजून शाळेचे मोजे. "मी बसने जाणार नाही. नेव्हर," असं तिने शाळेतून आल्या आल्या जाहीर केलं होतं आणि मग थेट टेबलाखालीच मुक्काम ठोकला होता. टेबलाच्या वर तिचा बाबा, विक्रांत, काकडीच्या चकत्यांचा मनोरा रचत बसला होता. पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेली त्याची आई, संजीवनीबाई, जपमाळ ओढल्याचा आव आणत कान टवकारून बसली होती. आणि नीलिमा, श्रियाची आई, ओट्याशी उभी राहून विचार करत होती की आता भात झालाय, निदान वाढायच्या निमित्ताने तरी काहीतरी बोलता येईल.

झालं होतं असं, की श्रियाला गाडी लागायची. वुडलँड्सच्या त्यांच्या ब्लॉकखालून सकाळी साडेसहाला शाळेची बस निघायची, चौथ्या सिग्नलपर्यंत पोर ठीक असायची आणि पाचव्याला पोटातलं दूध बाहेर. बस अंकलने तिच्यासाठी एक पिवळी बादली आणून ठेवली, तीही प्रेमाने, वर तिच्या नावाचं स्टिकर लावून. त्या बादलीनेच घात केला. सिंगापूरला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला नेऊन दाखवायचा एक पांढरा प्राणी आहे: वर सिंह, खाली मासा आणि तोंडातून अष्टौप्रहर पाण्याची चूळ. मर्लायन. पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. शाळेच्या बसमध्ये मात्र ज्याला उलटी होते त्याला मर्लायन म्हणतात. आणि आज श्रिया बसमध्ये चढल्यावर मागच्या बाकावरच्या सगळ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढून घ्यायची पोझ दिली होती.

"श्रियू," नीलिमा खाली वाकून म्हणाली, "अगं, मला पण लागायची गाडी. तुझ्याएवढी असताना. मोठी झाले आणि गेली."

विक्रांतचा काकडीचा मनोरा कोसळला.

"काय झालं?" नीलिमाने त्याच्याकडे न बघता विचारलं.

"काही नाही. काकडी," विक्रांत म्हणाला.

"दिवे घाट," संजीवनीबाई माळेत तोंड घालून पुटपुटल्या.

दिवे घाटाची गोष्ट अशी: लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवं जोडपं घेऊन सगळं घर पुण्याहून जेजुरीला निघालं होतं. घाटाच्या तिसऱ्या वळणावर नव्या सुनेने सासूच्या मांडीवर जे काही रिकामं केलं, ते सासूच्या नव्याकोऱ्या पैठणीच्या पदराने झेललं. त्याला नऊ वर्षं झाली. पैठणी चार वेळा ड्रायक्लीन झाली. "पदरावरचा एक मोर अजून तोंड फिरवून बसतो," असं संजीवनीबाई येईल त्याला सांगायच्या, आणि पुढे जोडायच्या, "आमच्या घराण्यात कुणाला गाडी लागत नाही हो. कुणाला म्हणजे कुणाला नाही."

नीलिमाची गाडी काही गेली नव्हती. ती फक्त गाडीत बसत नव्हती. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, तिला काही व्हायचं नाही, म्हणून सगळीकडे एमआरटी. टॅक्सी नको, महाग पडते. बस नको, वेळ लागतो. श्रियाला वाटायचं आपली आई काटकसरी आहे. गेल्या ऑगस्टपासून नीलिमा सात वर्षांनी पुन्हा नोकरीला लागली होती, एका पुस्तक वितरकाकडे. सव्वाआठला तिला रॅफल्स प्लेसला टेबलाशी असावं लागे. त्या सगळ्याचा डोलारा शाळेच्या एका बसवर उभा होता.

"खोटं," टेबलाखालून आवाज आला.

"खोटं कसं? आता मला काहीसुद्धा होत नाही. कुठल्याही गाडीत बसव."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, 'कुठल्याही' हा शब्द जरा आखडता घ्यायला हवा होता.

टेबलाखालून एक हात बाहेर आला. बोट फ्रिजकडे होतं. "मग त्या गाडीत बस."

फ्रिजवर चुंबकाखाली एक पत्र होतं, सकाळीच आलेलं. वुडलँड्सच्या सुपरमार्केटमध्ये कपडे धुण्याच्या पावडरीवर लकी ड्रॉ होता. तिसरं बक्षीस राइस कुकर. घरच्या कुकरचं झाकण दोरीने बांधायची वेळ आली होती, म्हणून नीलिमाने पावडरचे अकरा डबे घेतले आणि अकरा कुपनं भरली. कुकर कुण्या बेडोकच्या गृहस्थांना लागला. नीलिमाला लागलं उत्तेजनार्थ बक्षीस: 'रेसट्रॅकवर खऱ्याखुऱ्या अमेरिकन स्टॉक कारमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून तीन फेऱ्या.' पुढच्या वर्षी शहरात रात्रीची मोठी शर्यत व्हायची होती, त्यामुळे जो तो गाड्यांमागे लागला होता, साबणवालेसुद्धा. नीलिमाने विक्रांतला जा म्हटलं असतं, पण पत्रात ठळक अक्षरात लिहिलं होतं: ज्याच्या नावाचं कुपन त्यानेच यायचं, ओळखपत्र दाखवून.

"तू त्यात बसलीस," श्रिया आता टेबलाखालून अर्धी बाहेर आली होती, "आणि मर्लायन नाही झालीस, तर मी मंडेला बसने जाईन. आणि झालीस, तर एव्हरी डे तू मला एमआरटीने सोडायचं. तुझं ऑफिस लेट झालं तरी. डील?"

"डील," विक्रांत घाईघाईने म्हणाला. त्याचा नवा हँडीकॅम तीन आठवडे वापराविना पडून होता.

नीलिमाने करंगळी पुढे केली. दुसरं काय करणार होती?

रात्री भांडी पुसताना सासूबाई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "रविवारी दसरा आहे, ठाऊक आहे ना? आणि तू त्या दिवशी उलट्या करायला निघालीस."

"आई, तुम्हाला मजा वाटतेय."

"मला? छे. माझ्या सगळ्या साड्या नीट घडी करून ठेवते, एवढंच."

पण रविवारी सकाळी घरातल्या हत्यारांची पूजा करताना, म्हणजे मिक्सर, विक्रांतचा लॅपटॉप, श्रियाची स्कूटर आणि दोरी बांधलेला राइस कुकर यांना हळदकुंकू वाहून झाल्यावर, त्यांनी श्रियाची पाठ वळलेली बघून सुनेच्या हातात काहीतरी कोंबलं. एक हिरवंगार लिंबू, नखाने जरासं ओरखडलेलं.

"नाकाशी धरायचं. मळमळलं की खोल श्वास घ्यायचा. माझी आई एसटीत सगळ्यांना वाटायची."

"तुमच्या घराण्यात कुणाला गाडी लागत नाही ना?"

"एसटी वेगळी," सासूबाई म्हणाल्या आणि कुंकवाचा करंडा पर्समध्ये टाकून निघाल्या.

ट्रॅक म्हणजे काही पक्का ट्रॅक नव्हता. पूर्वेला विमानतळाच्या पलीकडे एक अफाट काँक्रीटचं पटांगण होतं. तिथे पाणी भरलेल्या लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी आणि टायरच्या उतरंडींनी नागमोडी रस्ता आखला होता. तीन गाड्या बदलून एमआरटीने एक्स्पो स्टेशनपर्यंत, आणि तिथून कंपनीची बस. बारा मिनिटांचा रस्ता. नीलिमा सर्वांत पुढच्या सीटवर बसली, रुमालात लिंबू गुंडाळून ते नाकाला लावलं आणि बारा मिनिटं खिडकीबाहेर बघत राहिली. श्रिया बाबाच्या मांडीत डोळे घट्ट मिटून होती, म्हणून बरं.

उतरल्यावर नीलिमाच्या लक्षात आलं, काहीच झालं नव्हतं. तिला त्या लिंबाबद्दल इतकं प्रेम वाटलं, की मुठीत धरून तिने ते हलकेच दाबलं.

आणि मग ती गाडी दिसली.

झेंडूच्या रंगाची, बसकी, रुंद, अंगावर साबणाच्या पावडरीची जाहिरात. उभी असतानाच गुरगुरत होती. संजीवनीबाई चष्मा पुसून तिच्याभोवती एक चक्कर मारून आल्या.

"अगं नीलिमा, हिला दिवे नाहीत! चित्र चिकटवलंय दिव्यांचं. आणि दार? दार कुठंय?"

"दार नसतं आई. खिडकीतून आत जायचं."

"खिडकीतून! ही गाडी आहे की गौरीचं मखर? वरून रंगीत कागद, आत काही नाही."

आत खरंच काही नव्हतं. गालिचे नाहीत, मागची सीट नाही, काच म्हणावी अशी काच नाही. लोखंडी नळ्यांचा एक पिंजरा आणि त्यात दोन खुर्च्या. डावीकडच्या खुर्चीत जो बसणार होता, तो पन्नाशीचा, नीलिमाच्या खांद्याला लागेल एवढा, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. सगळे त्याला अंकल सेंग म्हणत. आठवडाभर आपल्या गॅरेजमध्ये टॅक्सीचे ब्रेक बदलायचे आणि रविवारी गाड्या पळवायच्या, असं त्याचं जगणं होतं. पिंजऱ्याच्या एका नळीला त्याने लाल दोऱ्यात ओवलेला देवाचा ताईत बांधला होता.

"फर्स्ट टाइम?" त्याने विचारलं.

"हो."

"यू व्हॉमिट ऑर नॉट?"

प्रश्न इतका सरळ आला, की नीलिमा गडबडली. चार पावलांवर श्रिया उभी होती, दोन्ही कान उघडे ठेवून. तिच्या मागे विक्रांत, एक डोळा कॅमेऱ्यात.

"नो," नीलिमा म्हणाली. "नेव्हर."

कॅमेऱ्यामागून कुणीतरी खोकलं.

ट्रॅकवरच्या माणसांनी तिला काळा अंगरखा चढवला, डोक्यावर हेल्मेट बसवलं, हातमोजे दिले. डाव्या हातमोज्यात, तळव्याशी, तिने लिंबू सरकवलं. हेल्मेटची काच वर केली की हात नाकाशी नेता येत होता, तिने दोनदा करून बघितलं. आता येऊ दे काय ते, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"थांबा!" संजीवनीबाईंचा आवाज आला. "म्हणजे काय! दसऱ्याच्या दिवशी वाहनाची पूजा न करता चाक हलवायचं?"

कुणी काही म्हणायच्या आत त्या गाडीपुढे पोचल्या होत्या. पर्समधून करंडा निघाला. बॉनेटवर, बरोबर पावडरच्या डब्याच्या चित्रावर, कुंकवाचं बोट उमटलं. मग हळदीचं. मग सकाळच्या पूजेतला उरलेला झेंडू चिकटवलेल्या दिव्यावर टेकवला गेला, आणि गाडी थरथरत असल्यामुळे लगेच खाली पडला.

केशरी जाकिटातली एक मुलगी धावत आली. "आंटी, कॅनॉट! ट्रॅकवर काही टाकायचं नाही. फूलसुद्धा नाही. नियम आहे."

"हिला सांग, आज दसरा आहे," सासूबाई म्हणाल्या.

नीलिमाने हेल्मेटमधून सांगितलं. त्या मुलीला दसरा कळला नाही. अंकल सेंगला कळला. म्हणजे दसरा नव्हे, पण काहीतरी. त्याने इंजिन बंद केलं, खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि नळीला बांधलेल्या लाल ताईताला हात लावून म्हणाला, "आंटी डू फर्स्ट. मी सकाळी माझ्या देवाला उदबत्ती लावून आलोय. तुमच्या देवाचं राहिलं, तर मी ही गाडी हलवणार नाही. नो जोक."

"बघ," सासूबाई त्या मुलीला म्हणाल्या, मराठीतच. "याला कळतं."

आता रीतसर सगळं व्हायला हवं होतं. संजीवनीबाईंनी हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या, आणि मग थबकल्या. पर्स उघडली. बंद केली. पुन्हा उघडली. "चाकाखाली लिंबू हवं," त्या म्हणाल्या. "चार हवीत खरं तर. निदान एक."

आणि त्यांनी सुनेच्या डाव्या हाताकडे बघितलं.

नीलिमाने मूठ मिटली. "आई, ते नाही."

"अगं, दुसरं कुठून आणू? इथे काय मंडई आहे?"

"आई, ते माझं आहे."

"तुझं म्हणजे काय, मीच दिलंय ना?"

"म्हणूनच सांगतेय! नाकासाठी दिलंय!" नीलिमा दबक्या आवाजात म्हणाली, पण हेल्मेट घातलेल्या माणसाला स्वतःचा आवाज केवढा आहे हे कळत नाही.

"कसलं लिंबू, आई?" श्रिया पुढे आली. "तुला लिंबू कशाला हवं? इट इज फॉर व्हॉमिटिंग, राइट? आजी मला पण देते ना, बसमध्ये धरायला."

सगळे थांबले. अंकल सेंग थांबला, केशरी जाकीट थांबलं, विक्रांतचा कॅमेरा तेवढा चालू राहिला. संजीवनीबाईंच्या चेहऱ्यावर नीलिमाला एका क्षणात दोन गोष्टी दिसल्या: आपण काय करून बसलो याची भीती, आणि त्या भीतीच्या कडेकडेने, आता ही काय उत्तर देते याचं भयंकर कुतूहल.

नीलिमाने हातमोजा काढला. लिंबू तळव्यावर धरून लेकीला दाखवलं.

"कशाला म्हणजे?" ती म्हणाली. "चाकाखाली ठेवायला. आजी विसरणार, मला ठाऊक होतं."

लिंबू उजव्या पुढच्या चाकाखाली गेलं. केशरी जाकिटातली मुलगी हातात केरसुणी आणि सुपली घेऊन तयारीत उभी राहिली. नीलिमाला दोघांनी उचलून खिडकीतून पाय आधी असं आत सोडलं. पट्टे आवळले: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, दोन मांड्यांमधून. ती उजवीकडे बसली होती. सिंगापुरात उजवीकडे ड्रायव्हर बसतो. ही जागा ड्रायव्हरची, आणि समोर चाक नाही, पायाशी ब्रेक नाही, हातात लिंबूसुद्धा नाही. सात वर्षं आई असल्यावर तिला ही जागा अगदीच अनोळखी वाटली नाही.

"मॅडम," अंकल सेंग म्हणाला. "एक सांगतो. भिंत येईल. भिंतीकडे बघायचं नाही. मी जिथे बघतो तिथे बघ. दूर. नेक्स्ट कॉर्नर. ओके?"

"ओके."

गाडी हलली. पहिल्यांदा लिंबाचा वास आला, तिखट, ताजा, एकदाच. मग तो मागे राहिला.

पहिल्या वळणाला नीलिमा दिवे घाटात होती. पोट डावीकडे गेलं, ती उजवीकडे. आवाज असा, की कानांनी ऐकू येतच नव्हता, दाढांमधून येत होता. समोर टायरांची उतरंड चालून आली आणि तिने अर्थातच तिच्याकडेच बघितलं, उतरंडीतल्या एका टायरवर कुणीतरी खडूने हसरा चेहरा काढला होता तेसुद्धा तिला दिसलं. उजवा पाय आपसूक पत्र्यावर दाबला गेला. ब्रेक नव्हता. घशाशी काहीतरी आलं. सकाळचं श्रीखंड, तिला वाटलं, दसऱ्याचं श्रीखंड, आणि विक्रांत हे टेपवर घेणार, आणि उद्या सकाळी साडेसहाला...

'दूर,' तिने स्वतःला बजावलं. 'दूर बघ, गाढवे.'

तिने मान वर केली. दूर, पुढच्या वळणाच्या पलीकडे, पटांगणाच्या कडेला एक झाड होतं. तिने झाड धरलं. वळण आपोआप झालं. मग दुसरं काहीतरी दूरचं, एक पाण्याची टाकी, मग समुद्रावरून उतरत येणारं एक विमान. ती एकेक पकडत गेली आणि सोडत गेली, आणि मधल्या गोष्टी, भिंती, ठोकळे, खडूचा चेहरा, बाजूने रंगांच्या पट्ट्या होऊन निघून गेल्या. दुसऱ्या फेरीत ती तिघं दिसली, कठड्याला चिकटलेली, मध्ये एक लाल फ्रॉक. नीलिमाने हात हलवला. हलवला! पट्ट्यांतून जेवढा सुटला तेवढा.

"ओके आह?" अंकल सेंग ओरडला.

"जोरात!" नीलिमा मराठीत ओरडली.

त्याला समजलं. सरळ रस्त्यावर त्याने गाडी अशी सोडली, की नीलिमाच्या पाठीने खुर्चीत घर केलं. ती हसत होती. हेल्मेटमध्ये एकटीच, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. शेवटचं असं हसू कधी आलं होतं ते आठवायला वेळ नव्हता, कारण पुढचं वळण आलं होतं आणि तिला झाड पकडायचं होतं.

मग गाडी थांबली.

तीच तेवढी चूक झाली. नीलिमा थांबली, गाडी थांबली, पण पोट अजून तिसऱ्या फेरीत होतं.

तिला खिडकीतून ओढून काढलं. तिने हेल्मेट काढलं, केस झटकले, आणि समोर उभ्या असलेल्या लेकीकडे सरळ रेषेत चालत गेली. आठ पावलं. त्या आठ पावलांसाठी तिला पुढे कितीही बक्षिसं मिळाली असती तरी कमीच होती.

"बघ," ती म्हणाली. "झालं काही?"

श्रियाचे डोळे बशीएवढे झाले होते. "आई," ती म्हणाली, "यू सो स्टेडी लाह!"

"मग? मंडे?"

"मंडे. बस. फ्रंट सीट." श्रियाने करंगळी पुढे केली. नीलिमाने आपली तिच्यात अडकवली, आणि नेमका तेव्हाच वारा फिरला. पलीकडच्या टपरीवर कुणीतरी सॉसेज तळत होतं.

"हेल्मेट देऊन येते हं," नीलिमा गोड आवाजात म्हणाली आणि वळली. हेल्मेट द्यायचं ठिकाण डावीकडे होतं. ती उजवीकडे गेली, मालाच्या एका निळ्या कंटेनरमागे.

तिथे संजीवनीबाई आधीच उभ्या होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी, तोंड उघडून धरलेली.

नीलिमा पिशवीवर वाकली. सासूबाईंनी एका हाताने पिशवी धरली होती आणि दुसऱ्या हाताने सुनेचे केस मागे धरले होते.

"मागच्या वेळी पैठणी होती," शेवटी त्या म्हणाल्या. "आता पिशवी. प्रगती आहे."

"आई, हसवू नका."

"लिंबू मी घेतलं गं तुझं. माझंच चुकलं." त्यांनी पिशवी तिच्या हाती देऊन पाण्याची बाटली पुढे केली. "पण काय गेलीस तू! मी म्हटलं, ही आमची नीलिमा नव्हेच. मला सुद्धा एकदा..."

कंटेनरच्या पलीकडून बूट वाजले. छोटे बूट. "आई? हेल्मेट तिकडे द्यायचं, अंकल म्हणाले. आई?"

विक्रांत टेप बदलत होता, म्हणून पोरीचा हात सुटला होता. नीलिमा पिशवीकडे बघत राहिली. ती कुठे टाकावी, कुठे लपवावी, काही सुचेना. सात वर्षांचं खोटं, उद्याची बस, आठ पावलं, सगळं त्या गाठ न मारलेल्या पिशवीत होतं.

संजीवनीबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली. पदराचं टोक ओठांना लावलं. कंटेनरला टेकल्या आणि डोळे अर्धे मिटले. श्रिया कोपऱ्यावरून आली तोवर तिथे एक म्हातारी बाई विव्हळत होती आणि तिची सून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"आजी! काय झालं?"

"मला गं बाळा," सासूबाई म्हणाल्या, आणि आपल्या सबंध घराण्यावर त्यांनी पाणी सोडलं, "मला लागली गाडी."

श्रियाने आधी पिशवीत डोकावून खात्री केली. मग तिच्या चेहऱ्यावर असा आनंद उमटला, जो गेल्या तीन महिन्यांत कुणी बघितला नव्हता. "आजी, तू मर्लायन!"

"हो गं बाई. मी मर्लायन."

"इट्स ओके," श्रियाने आजीचा मोकळा हात आपल्या हातात घेतला. "लाज नाही वाटून घ्यायची. मोठी झालीस ना, की जातं. आईचं पण गेलं."

परतीच्या बसमध्ये श्रिया स्वतः होऊन चढली. पुढची सीट तिने आजीला दिली, खिडकीची. दूर बघायचं, जवळ बघायचं नाही, तोंडाने श्वास घ्यायचा नाही, अशा सूचनाही तिने आजीला दिल्या. बस सुटायला अजून पाच मिनिटं होती. मागच्या सीटवर विक्रांत कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात आपली बायको पुन्हा पुन्हा पळवून बघत होता आणि दर वेळी "च्यायला" म्हणत होता. नीलिमा पलीकडच्या सीटवर बसली होती, पोट हलकं, मन हलकं, आणि लिंबाशिवाय बारा मिनिटं कशी काढायची या विवंचनेत. संजीवनीबाईंनी डोळे मिटले होते. आजारी माणसाचं सोंग त्या इतकं मन लावून करत होत्या, की ड्रायव्हरनेही त्यांना एक पिशवी आणून दिली.

श्रिया आजीच्या गुडघ्यावर थोपटत होती. थोपटता थोपटता तिचा हात मंद झाला. मग थांबला. तिने आजीकडे बघितलं. मग खिडकीबाहेर, लांब उभ्या असलेल्या झेंडूच्या रंगाच्या गाडीकडे. मग आईकडे. तिच्या कपाळावर एक आठी पडली, अगदी तिच्या आजीची.

"आई," ती म्हणाली, "आजी तर त्या गाडीत बसलीच नव्हती. मग तिला कुठली गाडी लागली?"